प्राध्यापक व त्यांच्यासोबतचे पाहुणे

आमच्या संस्थेचे अध्यक्ष इंग्लंडला गेले ते मुलीच्या पदवीदानाला, आणि परत आले ते दगडी दरवाजा डोक्यात घेऊन. मुलगी तिकडच्या एका जुन्या विद्यापीठात शिकली होती आणि त्या विद्यापीठातल्या ज्या कॉलेजात राहिली होती ते कॉलेज पाचशे वर्षांचं. अध्यक्षांनी त्या इमारतीचे इतके फोटो काढले होते की त्यात मुलगी शोधावी लागत होती. आल्या आल्या त्यांनी आम्हा सगळ्या प्राध्यापकांना सेमिनार हॉलमध्ये बसवलं. एसी बंद होता, कारण तो फक्त समिती आली की चालू होतो. पडद्यावर आधी दगडी दरवाजा आला, मग दगडी इमारतींनी चारही बाजूंनी वेढलेलं अंगण, मग त्या अंगणातली कॅरमच्या बोर्डासारखी सपाट हिरवळ.

"हे बघा," अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात कॉलेज."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं आम्ही उल्हासनगरात ज्या इमारतीत शिकवत होतो तिला मग काय म्हणतात, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ग्रेड देणारी समिती यायची होती. त्याच्या आत आपल्या कॉलेजलाही असा दरवाजा आणि अशी हिरवळ झाली पाहिजे, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. उद्घाटनाला एक स्मरणिका निघणार होती आणि त्यात एक लेख हवा होता. त्या इंग्रजी कॉलेजच्या बांधकामाचा इतिहास, आणि आपलं कॉलेज त्याच्याच पावलावर पाऊल ठेवून कसं चाललं आहे, वगैरे.

"हिस्टरी कोणाची?" त्यांनी विचारलं.

हिस्टरी माझी. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, आणि तोवर कुणाच्या नजरेत यायचं नाही असं मी ठरवलं होतं. आले.

मे महिन्याच्या सुट्टीत बेलवलीच्या घरी पंख्याखाली बसून मी त्या कॉलेजचा इतिहास वाचला. नवरा येता-जाता विचारायचा, "झाला का तुझा दरवाजा?" खरं सांगायचं तर मी चिडूनच वाचायला घेतलं होतं, आणि वाचता वाचता मला मजा वाटायला लागली.

त्या लोकांनी सगळ्यात आधी काय बांधलं असेल? दरवाजा. आत वर्ग नाहीत, पुस्तकं नाहीत, विद्यार्थी मोजून चार, पण बुरुजासारखा दरवाजा आणि त्यात येणाऱ्याजाणाऱ्याला अडवणारा एक माणूस. म्हणजे सुरुवात अगदी आपल्यासारखीच. पैसे दिले एका बिशपने. त्याच्या मनात शिक्षण वगैरे नंतरचं. आपण मेल्यावर आपल्या आत्म्यासाठी रोज कोणीतरी प्रार्थना करावी, म्हणून त्याने कॉलेज काढलं. मग जेवणाचा हॉल झाला, मग प्रार्थनेसाठी चॅपल झालं. पुढच्या काळात बड्या घरची मुलं जास्त यायला लागली, तशी दोन मजल्यांवर तिसरा मजला चढवला. पाया काय म्हणतो ते कोणी विचारलं नाही. भिंतीला पोट आलं, मग तिला लोखंडी पट्ट्या ठोकल्या.

आणि तो दगड, ज्यावर हात ठेवून अध्यक्षांनी डोळे मिटून फोटो काढला होता, तो पाचशे वर्षांचा नव्हताच. मूळचा दगड मऊ निघाला, कोळशाच्या धुराने त्याचे पापुद्रे सुटले, आणि समोरची अख्खी बाजू नव्याने बसवली. अध्यक्षांनी ज्याला नमस्कार केला तो दगड त्यांच्या आजोबांपेक्षा फार मोठा नसणार.

खरी जुनी वस्तू एकच उरली होती, आणि तिचा फोटो अध्यक्षांनी काढलाच नव्हता. मागच्या अंगणात कोपऱ्याला एक बुटकी, वाकडी इमारत. एके काळी तिथे कॉलेजसाठी बिअर बनायची. मग तिथे घोडे बांधले, मग लाकडं ठेवली, मग मुलांच्या खोल्या केल्या. ती कोणी पाडली नाही. आधी पाडायला पैसे नव्हते म्हणून, आणि नंतर जुनी झाली म्हणून. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा ठेवला.

कारण आमच्या कॉलेजचा इतिहास काही वेगळा नव्हता, फक्त घाईचा होता. उल्हासनगर आधी लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं बराकींमध्ये राहिली, एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी संसार. त्यातलीच एक बराक कडेला होती. तिथे काही सिंधी मास्तरांनी वर्ग सुरू केले, तेच आमचं कॉलेज. मग शेजारी ए विंग झाली. मग तिच्यावर पहिला मजला. दुसऱ्या मजल्याची परवानगी अडकली, पण जिना आधीच बांधून झाला होता, त्यामुळे आमच्याकडे आकाशात जाणारा एक जिना आहे आणि तिथे जोड्या बसतात. बी विंगची जमीन ए विंगशी जुळली नाही. दोन्हींच्या मधे एक अर्धीच पायरी आहे. तिथे प्रत्येक नवा विद्यार्थी एकदा अडखळतो, आणि अडखळला की ॲडमिशन पक्की झाली असं आम्ही समजतो. प्रत्येक भिंतीवर संगमरवरी पाटी, अमक्याच्या शुभहस्ते, तमक्याच्या स्मरणार्थ. तिकडे दात्यांच्या घराण्यांची ढालीसारखी चिन्हं दरवाज्यावर कोरतात, इकडे नगरसेवकांची नावं. आत्म्याची काळजी दोन्हीकडे सारखीच.

म्हणजे लेख तयार होता. घोळ वेगळाच झाला. नव्या दरवाज्यातून आत शिरल्यावर समोर हिरवळ पाहिजे, आणि नव्या दरवाज्यातून आत शिरल्यावर समोर होती ती बराक. नकाशात तिच्यावर लाल फुली मारली होती.

बराक म्हणजे आमची अभ्यासिका. लांबलचक, उतरत्या छपराची, जाड भिंतींची. पत्रे कैकदा बदलले, भिंती त्याच. संध्याकाळी आठपर्यंत उघडी असायची. तिथे जागा धरायची एक रीत होती. टेबलावर पाण्याची बाटली ठेवली की ती जागा तुमची. कॉलेजातून मोबाईल चोरीला जातात, छत्र्या जातात, एकदा तर नळाची तोटी गेली, पण बराकीतली बाटली कोणी हलवल्याचं मी कधी पाहिलं नाही. मीही याच बराकीत बी.ए. केलं. आमच्या वेळी बाटल्या नव्हत्या, कंपासपेटी ठेवायचो. अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोन खोल्यांत आठजण. भिंतीवर दोन फोटो, फोटोंखाली पुस्तकांचं कपाट, आणि ती पुस्तकं वाचायला जागा नाही. वडील म्हणायचे, घरात देव नाही, पुस्तकं आहेत, पण बसायचं तर बाहेर बघा. मी बराक बघितली.

आणि आता एक मुलगी तीच बराक बघत होती. आमच्याच विभागातून एम.ए. झालेली. प्राध्यापक होण्यासाठी जी पात्रता परीक्षा लागते तिचा अभ्यास करत होती, एकदा थोडक्यात हुकली होती. कॅम्प चारला एका खोलीचं घर. त्या खोलीत बाप आणि भाऊ जीन्स शिवायचे, आई शिवलेल्या पँटींचे धागे कापायची. तिची पुस्तकं उघडली की पानांच्या बेचक्यात निळी लव दिसायची. ती दुपारपर्यंत आईबरोबर धागे कापायची आणि मग बराकीत येऊन आठपर्यंत उठायची नाही.

सुट्टी संपायच्या आधी मी कपाट आवरायला कॉलेजात गेले तर ती स्टाफरूमच्या दारात उभी.

"मॅडम, बराक पाडणारेत?"

"कोण म्हणालं?"

"वॉचमन बोलला. मग मी बसू कुठे?" मग माझ्या तोंडावरचं उत्तर वाचून तिनेच सांगितलं, "घरी मशीन चालू असतात ना. आई बोलली कानात कापूस घाल. घातला. पण जमीन हलते त्याचं काय करू? पप्पा बोलले, ही शेवटची वेळ. या वेळी नाही झालं तर धागा कटिंगला बस, नाहीतर लग्न."

ती रडली वगैरे नाही. रेशनच्या दुकानात साखर आलीय का विचारावं तसं तिने विचारलं होतं. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य भला माणूस. भला म्हणजे कोणाशीच वाकडं न घेणारा, त्यामुळे कोणाच्याच उपयोगाचा नाही. मी म्हटलं, अभ्यासिका पाडून गवत लावायचं? ते म्हणाले, "मॅडम, गवत नाही. लॉन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची आता थोडी वर्षं राहिली. कशाला डोक्याला ताप करून घेता? अभ्यासिकेचं बघू ना आपण, बी विंगच्या पॅसेजमध्ये."

बी विंगच्या पॅसेजमध्ये ती अर्धी पायरी आहे. अभ्यासिका कुठे, पायरीवर?

घरी येताना मी ठरवलं की या माणसांशी भांडून उपयोग नाही. यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं पाहिजे. पोचल्या पोचल्या मी लेख पुन्हा लिहायला घेतला. इंग्रजी कॉलेजची ती बिअरची वाकडी इमारत मी लेखाच्या मध्यभागी आणून ठेवली. पाचशे वर्षं तिकडच्या विद्वानांनी तिला कसं प्राणपणाने जपलं ते लिहिलं. पैसे नव्हते हा भाग गाळला. मग लिहिलं की आपल्या संस्थेचंही असंच एक आद्य दालन आहे. लष्करी वास्तुशैली, युद्धाचा काळ, विस्थापितांचं धैर्य, ज्ञानाचा पहिला दिवा. 'प्राचीन' हा शब्द मी इतक्या वेळा वापरला की माझी मलाच लाज वाटली. शेवटी लिहिलं, की जगातल्या थोर शिक्षणसंस्था जुन्या वास्तूमुळेच ओळखल्या जातात आणि हे आमच्या द्रष्ट्या अध्यक्षांनी केव्हाच ओळखलं आहे.

द्रष्ट्या अध्यक्षांनी मला बदलापूरला शिरगावच्या त्यांच्या ऑफिसात बोलावलं. तिथे काचेच्या पेटीत चिखलोलीला होणाऱ्या त्यांच्या टॉवरचं मॉडेल होतं, पुठ्ठ्याची झाडं, पुठ्ठ्याची माणसं. समोर माझा लेख, त्यावर पिवळ्या पेनाच्या रेघा.

"मॅडम, हे खरं आहे? आपल्याकडे असली हेरिटेज वास्तू आहे?"

"आहे ना, सर."

"मग मला आजवर कोणी सांगितलं कसं नाही?"

"सर, आपण शिकलात की तिथे. बी.कॉम.ला."

त्यांनी क्षणभर आठवलं. "हो," म्हणाले, "पण तेव्हा ती जुनी नव्हती."

चहा आला, मी प्याले, आणि तिथल्या तिथे नकाशावरची लाल फुली खोडली गेली. हिरवळ बराकीच्या जागी न करता बराकीच्या पुढे होणार, त्यासाठी सायकल स्टँड जाणार. सायकली कधीच्याच गेल्या होत्या, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. मी मुलीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती डब्यात दाल-पकवान घेऊन आली. कुरकुरीत पकवान डब्यात मऊ पडले होते, तरी मी खाल्ले.

आता मी इथेच गोष्ट संपवली असती तर मला चार लोकांत मिरवता आलं असतं.

बांधकाम सुरू झालं. आर्किटेक्ट अध्यक्षांचा भाचा होता. आरसीसीचा सांगाडा उभा राहिला, त्यावर दगडी तुकडे डकवले, वर बुरूज. दरवाज्याच्या डाव्या बाजूला एक खिडकी होती आणि ती विटांनी बुजवलेली. मी भाच्याला विचारलं, "ही बंद का केलीस?"

"मॅडम, ओरिजिनलमध्ये तशीच आहे."

होती खरी. तिकडे एके काळी खिडक्यांवर कर होता, म्हणून त्यांनी जास्तीच्या खिडक्या बुजवल्या होत्या. आमच्या भाच्याने आधी खिडकी बांधली, मग खर्च करून ती बुजवली. उल्हासनगरात खिडकीवर कर नाही, पण उगाच कोणाला कल्पना कशाला द्या, म्हणून मी मूग गिळून बसले.

मग पाटी. अध्यक्षांनी तिकडच्या हिरवळीवरच्या पाटीचा फोटो आणला होता. हिरवळीवर फक्त तिथले प्राध्यापक आणि त्यांच्यासोबत आलेले पाहुणे यांनीच चालावं, अशी ती पाटी. ती मराठीत करायचं काम माझ्याकडे. अध्यक्षांचा निरोप होता, एक शब्द इकडचा तिकडे नको, जसं तिकडे तसंच इथे, आणि बराकीलाही तोच नियम लावा. मी लिहून दिलं: 'हिरवळीवर व प्राचीन वास्तूमध्ये फक्त प्राध्यापक व त्यांच्यासोबतचे पाहुणे यांनाच प्रवेश.' लिहिताना माझ्या डोक्यात हिरवळच होती. बराकीला हा नियम लावायचा म्हणजे काय, ते मला दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडल्यावर कळलं.

बराकीला बाहेरून मलईसारखा रंग दिला होता. आतली टेबलं, बाकडी गेली होती. जमिनीवर चकचकीत ग्रॅनाइट. मध्यभागी एक जुनं बाक, त्याला लाल मखमली दोरी. भिंतीवर अध्यक्षांचे दगडी दरवाज्यासमोरचे फोटो. दारात पितळी अक्षरांत माझी पाटी आणि पाटीशेजारी वॉचमन. मुलं बाहेर उभी होती, हातात बाटल्या, ठेवायला जागा नाही.

ती मुलगी पुढे आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, इतकं छान लिहायला नको होतं."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, तुझी काय चूक, बराक तर वाचली. मी म्हटलं, हो, लोणच्याची बरणी वाचली आणि लोणचं ओतून दिलं. पाडली असती तर निदान बोंब मारता आली असती. आता बोंब कशाविरुद्ध मारणार, माझ्याच लेखाविरुद्ध?

दुसऱ्या दिवशी तास संपवून मी पुन्हा बराकीपाशी गेले. वॉचमनने मला सलाम केला आणि दार उघडलं. मी आत गेले, त्या दोरीतल्या बाकाकडे बघितलं, बाहेर आले. तेव्हा कुठे मी माझीच पाटी नीट वाचली. कधी कधी आपण लिहिलेलंच आपल्याला उशिरा समजतं. मी फाटकाकडे बघितलं तर ती मुलगी पिशवी खांद्याला लावून घरी निघाली होती. मी तिला हाक मारली आणि तिचा हात धरून बराकीपाशी आणली.

"मॅडम, स्टुडंट अलाऊड नहीं है," वॉचमन म्हणाला. "साहब ने बोला है."

"स्टुडंट नाही ही. एम.ए. कधीच झाली. माझी पाहुणी आहे. वाचा पाटी."

त्याने पाटी वाचली. खालून वर, वरून खाली. मग तो बाजूला झाला. मुलगी ग्रॅनाइटवर भिंतीला टेकून बसली, मी स्टाफरूममधून प्लॅस्टिकची खुर्ची आणून दाराशी बसले, आणि आठपर्यंत आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. तिने पुस्तक वाचलं, मी पेपर तपासले. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणी आल्या. त्याही माझ्याच पाहुण्या. आठवडाभरात माझ्याकडे इतके पाहुणे यायला लागले की लग्नघरात नसतील. सतरंज्या आल्या. बाटल्या आल्या. मखमली दोरी कोणीतरी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

अध्यक्षांच्या कानावर जायचं ते गेलंच. एका संध्याकाळी ते स्वतः आले, मागे प्राचार्य. बराकीत सगळीकडे मुलं बसलेली, कोणी मान वर केली नाही. अध्यक्ष दारातच थांबले.

"मॅडम, हे काय?"

"पाहुणे, सर."

"इतके?"

"सर, तिकडच्या पाटीवर किती ते लिहिलेलं नाही. आपणच म्हणालात, एक शब्द इकडचा तिकडे नको."

प्राचार्य छताकडे बघू लागले. अध्यक्षांच्या कपाळावर आठी आली. नाही म्हटलं तरी पेन्शनचा विचार मनात येतोच. पाटी बदलायची तर ती इंग्लंडची पाटी राहत नव्हती. न बदलावी तर समोर ही जत्रा. ते एका मुलाच्या उघड्या पुस्तकात डोकावले. शेवटी म्हणाले, "तिकडे पण पोरं अशीच खाली बसून वाचतात. मी पाहिलंय." आणि मोबाईल काढून त्यांनी मुलांचा फोटो काढला.

पुढे समिती आली. समितीतल्या एका बाईंनी बराकीत डोकावून बघितलं आणि वारसा वास्तूचा इतका जिवंत उपयोग आपण कुठेच पाहिला नाही, असं म्हटलं. अध्यक्षांनी हात जोडून ते श्रेय नम्रपणे स्वीकारलं. त्यानंतर टेबलं परत आली, पंखे आले. पाटी काढा, असं मी सुचवून बघितलं, तर म्हणाले, "नाही नाही, पाटी राहू द्या. पाटीशिवाय ते तिकडचं वाटत नाही."

त्यामुळे पाटी राहिली आणि मी अडकले. प्राध्यापक असल्याशिवाय पाहुणे नाहीत, आणि बाकीच्या प्राध्यापकांना संध्याकाळी घरी कामं असायची. मलाही होती. तरी निवृत्त होईपर्यंतची प्रत्येक संध्याकाळ मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काढली. गुडघे दुखायचे, मच्छर चावायचे, नवरा बेलवलीला स्वतःची भाजी स्वतः करायला शिकला. उपकार केल्यासारखं मी कोणाला दाखवलं नाही, पण मनात मात्र रोज अध्यक्षांना आणि त्या पाचशे वर्षांच्या बिशपला शिव्या घातल्या.

मुलगी पास झाली. निकाल बघायला ती माझ्याकडेच आली, कारण घरी बघितला असता तर बापाला आधी कळलं असतं. आकडा बघून ती एवढंच म्हणाली, "मॅडम, आता आईला सांगते, कानातला कापूस काढला म्हणून." मग मात्र ती रडली, आणि मीही. आमच्याच विभागात तिला तासिका तत्त्वावर घेतलं. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि तेही आले तेव्हा आले. पगाराच्या वेळी संस्था तिला प्राध्यापक मानत नव्हती. सहल न्यायची असली, परीक्षेची ड्युटी लावायची असली की मानायची. बापाने मात्र गल्लीत पेढे वाटले.

मग माझा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि नव्या दरवाज्याचा फ्रेम केलेला मोठा फोटो, त्यात बुजवलेली खिडकी अगदी स्पष्ट. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की बराकीचा वारसा त्यांनी आणि मी मिळून जपला. प्राचार्यांनी सांगितलं की कॉलेजचे दरवाजे माझ्यासाठी सदैव उघडे आहेत. फोटो घरी कुठे लावायचा यावरून आमचं भांडण झालं, तो अजून कपाटामागे आहे.

पुढच्याच आठवड्यात उल्हासनगरला माझं काम होतं, कापडाचं. काम झालं, आणि पाय आपोआप कॉलेजकडे वळले. बुरुजाच्या दरवाज्यातून आत गेले, हिरवळीला वळसा घातला, बराकीपाशी आले. वॉचमनने सलाम केला आणि दार अडवून उभा राहिला. बिचारा अवघडला होता.

"मॅडम, आप तो रिटायर हो गईं ना. अभी प्राध्यापक नहीं हैं." आणि त्याने पाटीकडे हात केला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पाटी माझीच, शब्द माझेच, आणि मी ज्या बराकीत बी.ए. केलं तिच्या दारात मी उभी होते, प्राध्यापक नाही आणि पाहुणीही नाही. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम, आणि कापडाची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेत मी वळले.

"मामा, थांबा." आतून ती आली. खांद्याला पर्स, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तिच्यामागे टेबलांवर मुलं खाली माना घालून बसलेली. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"माझ्या पाहुण्या आहेत."

वॉचमनने पाटीकडे बघितलं. पाटीवर तासिका तत्त्वाचा काही उल्लेख नव्हता. तो बाजूला झाला.

आत दाराशी माझी प्लॅस्टिकची खुर्ची तशीच होती. तिथे न बसता ती पलीकडे टेबलाच्या कोपऱ्यावर जाऊन पेपर तपासायला बसली. खुर्चीवर तिने पाण्याची बाटली ठेवलेली होती.